रक्त चढवण्याआधी तेच नाव पुन्हा पुन्हा का विचारतात?

वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी त्यांना रक्त चढवायचं ठरलं. मी खाटेशेजारी बसले होते. सिस्टर पिशवी घेऊन आल्या, सोबत आणखी एक सिस्टर. पिशवी स्टँडला अडकवायच्या आधी त्यांनी विचारलं, "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि जन्मतारीख."

वडील चिडले. "अगं, तीन दिवस तूच मला सुया टोचतेयस. माझं नाव माहीत नाही होय तुला?"

"माहीत आहे काका. पण मला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

वडिलांनी नाव सांगितलं. एकीनं ते त्यांच्या हातातल्या पट्ट्यावर बोट ठेवून वाचलं, दुसरीनं पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीवर. मग पिशवीचा क्रमांक एकीनं मोठ्यानं वाचला, दुसरीनं कागदाशी ताडून पाहिला. रक्तगट पाहिला, मुदतीची तारीख पाहिली, पिशवी कुठे गळत नाही ना, रंग बदललेला नाही ना, तेही उजेडात धरून पाहिलं. एवढं झाल्यावरच नळीवरचा चाप सैल झाला आणि पहिला थेंब खाली पडला.

मला तेव्हा वाटलं, किती लांबण लावतायत. पुढे हा विषय मुळापासून समजून घेतला, तेव्हा कळलं की त्या दोन मिनिटांत मी अख्ख्या साखळीतली फार मोलाची तपासणी बघत होते. बहुतेकांना रक्त म्हटलं की एचआयव्हीची भीती वाटते. ती भीती निराधार नाही आणि तिच्याकडे मी येणारच आहे. पण रक्त चढवताना काही मिनिटांत जीव घेऊ शकणारा अपघात वेगळा आहे. पिशवीतलं रक्त उत्तम असतं, तपासलेलं असतं, फक्त ते भलत्याच माणसाला लागतं.

रक्तगट म्हणजे नेमकं काय?

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात आणि त्या ज्यात तरंगतात तो पिवळसर द्रव असतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. तांबड्या पेशीला एक घर समजा आणि तिच्या पृष्ठभागावरच्या खुणेला दारावरची पाटी. काहींच्या घरांवर 'ए' पाटी असते, काहींच्या 'बी', काहींच्या दोन्ही. 'ओ' गटाच्या माणसाच्या पेशींवर यांपैकी एकही पाटी नसते.

प्लाझ्मात पहारेकरी फिरत असतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. आपल्या घरांवर जी पाटी नाही, ती दिसली की ते तुटून पडतात. 'ए' गटाच्या माणसाकडे 'बी'वर हल्ला करणारे पहारेकरी असतात, 'बी'च्या माणसाकडे 'ए'वर हल्ला करणारे, आणि 'ओ'च्या माणसाकडे दोन्ही. यातली मेख अशी की हे पहारेकरी तयार व्हायला परकं रक्त अंगात यावं लागत नाही. जन्मानंतर काही महिन्यांतच ते आपोआप दिसू लागतात. आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावर अशाच प्रकारच्या खुणा असतात, त्यांच्याशी झगडताना शरीर हे शिकतं असं मानलं जातं. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच रक्त घेणाऱ्या माणसातही ही फौज सज्जच असते.

आता 'ओ' गटाच्या माणसाला चुकून 'ए' गटाचं रक्त लागलं असं समजा. पहारेकरी नव्या पेशींना रक्तवाहिनीतच फोडायला लागतात. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन रक्तात सांडतं, मूत्रपिंडावर आदळतं, लघवी गडद लाल होते. थंडी वाजून ताप येतो, कंबर दुखते, रक्तदाब कोसळतो. कधी कधी रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडते आणि शस्त्रक्रियेच्या जखमेतून रक्त थांबेनासं होतं. यासाठी अख्खी पिशवी आत जावी लागत नाही, थोडंसं रक्तही पुरतं.

हे सगळं माहीत नसण्याच्या काळातही माणसांनी रक्त देऊन पाहिलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमधले प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल यांनी बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांना माणसाचं रक्त दिलं. काही वाचल्या, काही दगावल्या, आणि का ते कुणालाच सांगता येईना. उत्तर मिळालं १९०१ मध्ये. व्हिएन्नातल्या कार्ल लँडस्टायनर यांनी आपल्या सहकाऱ्यांचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं. काही जोड्यांत पेशींच्या गुठळ्या झाल्या, काहींत झाल्या नाहीत. त्यातून गट निघाले. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि त्यांचा जन्मदिवस, १४ जून, आज जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

इथे एक गोष्ट हमखास उलटी समजली जाते, म्हणून सांगते. 'ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं' हे तांबड्या पेशींपुरतं खरं आहे, कारण त्या घरांवर पाटीच नाही. प्लाझ्मा द्यायचा असेल तर हिशेब पालटतो. 'ओ'च्या प्लाझ्मात दोन्ही प्रकारचे पहारेकरी असतात, तो वाटेल त्याला देता येत नाही. प्लाझ्माच्या बाबतीत सगळ्यांना चालणारा गट 'एबी', कारण दोन्ही पाट्या असलेल्या या माणसांच्या प्लाझ्मात ए किंवा बीविरुद्धचे पहारेकरी नसतात.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं काय?

गटापुढचं पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह हे 'आरएच डी' नावाच्या आणखी एका पाटीबद्दल असतं. इथे पहारेकरी आधीपासून तयार नसतात. निगेटिव्ह माणसाच्या अंगात पॉझिटिव्ह रक्त शिरलं की ते शिकतात आणि पुढच्या वेळी हल्ला करतात. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या अंगात जाऊ शकतं. पहिलं बाळ बहुधा सुखरूप राहतं, पण पुढच्या गरोदरपणात आईची प्रतिपिंडं वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाच्या पेशी फोडतात. हे टाळणारं 'अँटी-डी' इंजेक्शन १९६८ पासून वापरात आलं आणि ते मुख्यतः बनतं माणसांनी दिलेल्या प्लाझ्मापासून. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसन यांच्या रक्तात ही प्रतिपिंडं भरपूर होती. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत अनोळखी लोकांच्या रक्तानं त्यांचा जीव वाचला होता. कायद्यानं परवानगी मिळताच त्यांनी रक्तदान सुरू केलं आणि वयाच्या ८१व्या वर्षापर्यंत ११७३ वेळा केलं. त्यातून सुमारे २४ लाख बाळांना संरक्षण मिळालं असं तिथली रक्तसेवा सांगते. २०२५ मध्ये ते गेले. हा हिशेब मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं काही वाचता आलं नाही.

गट इतक्या वेळा तपासतात, तरी चूक होते कशी?

रुग्णाच्या हाताच्या शिरेतून थोडं रक्त नळीत घेतात. दवाखान्याच्या भाषेत 'बल्ब'मध्ये. तो बल्ब रक्तपेढीत जातो. तिथे पेशींवरच्या पाट्या तपासतात, मग उलट बाजूनं प्लाझ्मातले पहारेकरी तपासतात. दोन्ही उत्तरं जुळली तरच गट नक्की होतो. पुढे इतर गटांविरुद्धची प्रतिपिंडं शोधतात, कारण ए-बी-ओ आणि आरएच यांच्यापलीकडेही अनेक पाट्या आहेत. पूर्वी बऱ्याचदा रक्त घेतलेल्या किंवा बाळंतपणं झालेल्या माणसात त्यांच्याविरुद्ध पहारेकरी असू शकतात. शेवटी रुग्णाचा प्लाझ्मा आणि नेमक्या त्याच पिशवीतल्या पेशी एकत्र करून बघतात. यालाच क्रॉसमॅच म्हणतात. लग्नाआधी दोघांना समोरासमोर बसवून बोलू द्यावं, तसं.

या तपासण्या किती बारीक आहेत त्याचा एक नमुना. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मीळ गट नोंदवला, तो जगभर 'बॉम्बे गट' म्हणून ओळखला जातो. ए आणि बी या पाट्या ज्या खिळ्यावर टांगल्या जातात, तो 'एच' नावाचा खिळाच या माणसांच्या पेशींवर नसतो. साध्या तपासणीत ते 'ओ' वाटतात. पण 'ओ'च्या घरांवर पाटी नसली तरी खिळा असतो, आणि बॉम्बे गटाचे पहारेकरी त्या खिळ्यावरच हल्ला करतात. म्हणजे सगळ्यांना चालणारं 'ओ' रक्त या माणसांना मात्र घातक. उलट बाजूची तपासणी आणि क्रॉसमॅच नीट केले तर हे पिशवी बाहेर पडायच्या आत पकडलं जातं.

मग एवढी पक्की प्रयोगशाळा असताना चूक शिरते कुठून? खाटेपासून बल्बवर चिठ्ठी चिकटेपर्यंतच्या काही पावलांमध्ये. सकाळची गडबड आहे. शेजारच्या दोन खाटांवर एकाच आडनावाचे दोन रुग्ण आहेत. दोघांचं रक्त घेतलं, दोन बल्ब ट्रेमध्ये ठेवले आणि नावं टेबलावर जाऊन लिहू म्हटलं. वाटेत कुणीतरी हाक मारली. परत आल्यावर कुठला बल्ब कुणाचा, हे 'बहुतेक' लक्षात आहे. तेवढ्या 'बहुतेक'मध्ये सगळं आलं. प्रयोगशाळा आता त्या बल्बची अचूक तपासणी करेल, क्रॉसमॅच करेल, बिनचूक पिशवी देईल. उत्तर शंभर टक्के बरोबर असेल, फक्त दुसऱ्या माणसाचं.

म्हणून नियम असे आहेत: आधी नाव लिहून ठेवलेले बल्ब वापरायचे नाहीत. रक्त घ्यायचं आणि त्याच खाटेशी उभं राहून, हातातला पट्टा बघून, त्याच क्षणी नाव लिहायचं. एका वेळी एकच रुग्ण. ज्याचा गट पूर्वी नोंदलेला नाही, त्याच्याकडून अनेक ठिकाणी वेगळ्या वेळी दुसरा नमुना मागतात, कारण एकच चूक दोनदा त्याच पद्धतीनं घडण्याची शक्यता फार कमी. 'एकदा घेतलंय ना रक्त, पुन्हा कशाला?' असं आपण कुरकुरतो. मीही कुरकुरले होते. ती दुसरी सुई निष्काळजीपणाची नसते, काळजीची असते.

चिठ्ठीवरच्या नावात एका अक्षराचा फरक दिसला तर रक्तपेढी तो बल्ब परत पाठवते आणि नवा मागते. नातेवाईक भांडतात, 'स्पेलिंगच तर चुकलंय.' पण रक्तपेढीत बसलेल्या माणसाला रुग्ण दिसत नाही. त्याच्यासाठी रुग्ण म्हणजे ती चिठ्ठीच.

ब्रिटनमध्ये १९९६ पासून रक्त चढवताना झालेल्या चुका आणि दुष्परिणामांची देशभर एकत्र नोंद ठेवली जाते. त्या नोंदींत वर्षानुवर्षं हेच दिसतं की बहुतांश घटनांचं मूळ माणसाच्या हातून झालेल्या चुकीत आहे, अनेकदा ओळख पटवण्याच्या टप्प्यावर. अशा नोंदीचा हेतू शिक्षा करण्याचा नसतो. चूक सांगणाऱ्याला कामावरून काढलं की पुढची चूक लपवली जाते.

पिशवी खाटेशी आल्यावर

आता त्या प्रश्नाकडे परत येऊ. सिस्टरनं 'तुम्ही अमुक अमुकच ना?' असं विचारलं नाही. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हटलं. फरक छोटा वाटतो, पण औषधांच्या गुंगीत असलेला, कमी ऐकू येणारा किंवा नुसता दमलेला माणूस 'अमुकच ना?' या प्रश्नाला मान डोलावतो. नाव स्वतः उच्चारायचं म्हटलं तर ते चुकून दुसऱ्याचं येत नाही. रुग्ण बेशुद्ध असेल तर सगळी भिस्त हातातल्या पट्ट्यावर. म्हणून तो पट्टा टोचतो म्हणून काढू नका, आणि सुई लावण्यासाठी कापला तर लगेच दुसरा बांधून मागा.

रक्त सुरू झाल्यावर पहिली १५ मिनिटं अवघड. गट चुकला असेल तर लक्षणं बहुधा याच वेळात दिसू लागतात. म्हणून सुरुवातीला वेग कमी ठेवतात आणि नाडी, ताप, रक्तदाब पुन्हा मोजतात. थंडी वाजणं, सुईच्या जागी जळजळ, कंबरदुखी, छातीत दडपण, धाप, अंगावर गांधी, किंवा रुग्णानं 'मला काहीतरी विचित्र होतंय' म्हणणं, यांतलं काहीही झालं तरी लगेच सांगायचं. पिशवी आधी बंद करतात, सुई तशीच ठेवून सलाईनवर शीर चालू ठेवतात आणि नाव-क्रमांक पुन्हा ताडतात. अर्धी उरलेली पिशवी फेकत नाहीत, नळीसकट रक्तपेढीत परत पाठवतात. काय घडलं त्याचा पुरावा तिच्यातच असतो. शिवाय चुकीची पिशवी इथे लागली असेल, तर या रुग्णाची पिशवी या क्षणी दुसऱ्या कुणाला लागत असू शकते.

प्रत्येक थंडी-तापाचा अर्थ गट चुकला असा नसतो. दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे साधा ताप येतो, प्लाझ्मातल्या प्रथिनांमुळे गांधी येतात. ते औषधानं आटोक्यात येतात. पण साधं की गंभीर हे ठरवण्याचं काम खाटेशेजारी बसलेल्या नातेवाईकाचं नाही. आपलं काम फक्त सांगण्याचं.

आणखी एक धोका असा आहे की ज्याचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. वयस्कर, हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या, किंवा अंगकाठीनं लहान माणसाला भराभर रक्त दिलं तर जादा झालेलं पाणी फुप्फुसात साठतं. भरलेल्या हंड्यात आणखी घागर ओतावी तसं. ब्रिटन आणि अमेरिकेच्या अलीकडच्या नोंदींत रक्त चढवण्याशी संबंधित मृत्यूंच्या कारणांत हे कारण अग्रस्थानी आहे. उपाय साधा: एका वेळी एकच पिशवी, सावकाश, आणि दुसरी लावण्याआधी रुग्णाला पुन्हा तपासणं.

सावकाश म्हणजे कितीही वेळ नव्हे. तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते. बाहेर काढल्यावर तिच्यात चुकून जिवाणू असलेच तर ते वाढू लागतात, म्हणून सगळं रक्त चार तासांच्या आत संपवायचं. 'गार आहे, जरा गरम पाण्यात धरू का?' असं मायेपोटी विचारणारे नातेवाईक असतात. अजिबात धरू नका. उष्णतेनं पेशी पिशवीतच फुटतात. गरम करायचंच असेल तर त्यासाठी वेगळं यंत्र असतं. त्याच नळीतून ग्लुकोज किंवा औषधंही देत नाहीत. ग्लुकोजनं पेशी फुगून फुटतात आणि कॅल्शियम असलेल्या सलाईननं रक्त गोठू शकतं. रक्तासोबत चालतं ते फक्त साधं मिठाचं सलाईन.

सगळ्या चाचण्या होतात, मग रक्तदात्याला इतके खासगी प्रश्न कशाला?

आता साखळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. रक्तदानाच्या अर्जात आजार, औषधं, गोंदण, शस्त्रक्रिया, परगावचा प्रवास इथपासून शरीरसंबंधांपर्यंत सगळं विचारतात. संकोच वाटतो, कधी अपमानही वाटतो. 'रक्त तपासणारच आहात ना?' हा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तरही तितकंच सरळ आहे.

दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, आणि जिथे हिवताप आहे तिथे हिवतापासाठी तपासणी होते. पण विषाणू अंगात शिरल्याबरोबर चाचणीत दिसत नाही. बी पेरलं आणि कोंब वर आला, यांच्यामध्ये काही दिवस जमीन रिकामीच दिसते. तसा हा काळ, याला विंडो पिरियड म्हणतात. एचआयव्हीची प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीत तो साधारण तीन आठवड्यांचा असतो. विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधणारी 'नॅट' चाचणी तो दहा दिवसांच्या आसपास आणते. हिपॅटायटिस सीचा तर दोन महिन्यांच्या आसपासचा काळ आठवड्याभरावर येतो. फार मोठी प्रगती आहे. पण शून्य झालेला नाही. त्या दिवसांत रक्त दिलं तर चाचणी 'निर्दोष' म्हणेल आणि पिशवी रुग्णाला लागेल.

तेवढ्या दिवसांसाठी जगात एकच चाचणी आहे: दात्यानं खरं सांगणं. एका टोकाला दाता खरं बोलतो, दुसऱ्या टोकाला सिस्टर नाव विचारते, आणि मधली सगळी यंत्रं या दोघांच्या भरवशावर चालतात.

हा धडा फार महागात शिकलेला आहे. एचआयव्हीची चाचणी १९८५ मध्ये आली, हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला तोच १९८९ मध्ये. त्याआधी हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार असलेल्या रुग्णांना हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवलेली औषधं दिली जात. त्यातला काही प्लाझ्मा पैसे देऊन घेतलेला होता. एका दात्याचा संसर्ग अख्ख्या साठ्यात मिसळायचा. ब्रिटनमधल्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल मे २०२४ मध्ये आला, त्यानुसार तिथे ३० हजारांहून अधिक लोकांना रक्त आणि रक्तघटकांतून संसर्ग झाला आणि सुमारे तीन हजार लोक गेले. त्यांत शाळकरी मुलं होती. पैशासाठी रक्त देणाऱ्याकडे आजार लपवण्याचं कारण असतं, म्हणून जागतिक आरोग्य सभेनं १९७५ मध्येच विनामोबदला, स्वेच्छेच्या रक्तदानाचा आग्रह धरला होता.

दोन गोष्टी यातून निघतात. स्वतःची एचआयव्ही चाचणी फुकट होईल म्हणून रक्तदान कधीही करू नका. शंका असेल तर चाचणी केंद्रात जा, तिथे गुप्तताही पाळतात. आणि मित्रांच्या घोळक्यात खरं सांगता आलं नसेल, किंवा रक्त दिल्यावर दोन दिवसांनी ताप आला, तर रक्तपेढीला फोन करा आणि 'माझी पिशवी वापरू नका' एवढं सांगा. अजिबात लाज वाटायचं कारण नाही.

रक्त देणाऱ्याला काही धोका?

रक्त दिल्यानं एचआयव्ही होत नाही. सुई, नळी आणि पिशवी एकसंध, निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असते, ती तुमच्यासमोर फोडली जाते. सुई टोचायची जागा जंतुनाशकानं पुसल्यावर ती पूर्ण वाळू देतात आणि मग तिला बोटसुद्धा लावत नाहीत. बऱ्याच पिशव्यांना एक छोटी बाजूची थैली असते, पहिलं थोडं रक्त तिच्यात वळवतात. कारण सुईबरोबर त्वचेचा एखादा सूक्ष्म कण आणि त्यावरचे जिवाणू आत आले, तर ते त्या पहिल्या धारेत असतात. चाचण्यांचे नमुनेही त्यातूनच घेतात. ही थैली मला फार आवडली. इतकी साधी युक्ती, आणि तिचा सर्वांत मोठा फायदा प्लेटलेट्सना होतो. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या त्या पेशी २० ते २४ अंशांना, सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि बहुधा पाचच दिवस टिकतात. त्या उबेत जिवाणूंचं फावतं.

अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, त्यातलं ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतात. पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. लोहाला त्याहून जास्त, कारण ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह जातं. दोन रक्तदानांत अंतर ठेवायला सांगतात ते यासाठी, आणि हिमोग्लोबिन कमी भरलं म्हणून परत पाठवतात तेही यासाठी. चक्कर येते ती बहुधा उपाशीपोटी, कमी पाणी पिऊन आलेल्या किंवा पहिल्यांदाच देणाऱ्या तरुणांना. देण्याआधी मोठे दोन पेले पाणी प्या, उठण्याआधी मांड्या आणि पोटऱ्या आवळून सोडा, नंतर दहा-पंधरा मिनिटं बसून राहा.

'आम्ही घरचेच रक्त देतो, बाहेरचं नको'

यामागचं प्रेम मला समजतं. वडिलांच्या वेळी माझा भाऊ बाही वर करूनच आला होता. पण जवळच्या नात्यातलं रक्त जास्त सुरक्षित नसतं. एक विशिष्ट धोका उलट वाढतो. नात्यातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की रुग्णाचं शरीर त्यांना परकं म्हणून ओळखतच नाही. त्या आत रुजतात आणि रुग्णाच्याच अवयवांवर हल्ला करतात. हे फार क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेक वेळा प्राणघातक ठरतं. म्हणून नातेवाईकाचं रक्त द्यायचंच असेल तर त्यावर किरणोत्सर्गाचा मारा करून त्या पेशींची वाढ थांबवतात.

शिवाय घरच्यांच्या दडपणाखाली आलेला दाता अर्जावर खरं लिहील का? सासरे आत पडलेत, बाहेर सगळे नातेवाईक वाट बघतायत, अशा वेळी जावई 'माझं रक्त चालणार नाही' असं कोणत्या तोंडानं म्हणेल? भावानं शेवटी रक्त दिलं, पण साठ्यासाठी, एखाद्या अनोळखी माणसासाठी. वडिलांना लागलं तेही असंच कुणाचं तरी.

'मग निदान ताजं तरी द्या'

ही मागणीही वारंवार होते. तांबड्या पेशी, त्या कुठल्या द्रावणात ठेवल्या आहेत त्यानुसार, ३५ किंवा ४२ दिवस चालतात. जुन्या पिशवीनं रुग्ण जास्त दगावतात का, हे पाहण्यासाठी २०१५ आणि २०१६ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, त्यांतल्या एकीत वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. ताज्या रक्तानं मृत्यू कमी झाले नाहीत. अगदी काढल्या काढल्या दिलेलं रक्त म्हणजे तर चाचण्या पूर्ण न झालेलं रक्त.

खरा प्रश्न वेगळाच विचारायला हवा: रक्त लागणारच आहे का? 'अशक्तपणा आहे, एक बाटली चढवा' ही मागणी अजूनही होते. १९९९ मध्ये कॅनडातल्या ८३८ अतिदक्षता रुग्णांच्या अभ्यासात हिमोग्लोबिन १० खाली गेल्यावर रक्त देण्याऐवजी ७ खाली जाईपर्यंत थांबलं, तरी रुग्णांचं नुकसान झालं नाही. हृदयविकार किंवा चालू रक्तस्राव असेल तर हिशेब वेगळा, तो डॉक्टरांनी मांडायचा. पण लोहाच्या कमतरतेनं आलेला अशक्तपणा बहुतेकदा लोहानंच भरून काढायचा असतो. न दिलेल्या पिशवीचा दुष्परिणाम होत नाही, आणि ती पिशवी अपघातात सापडलेल्या कुणासाठी तरी शिल्लक राहते.

खाटेशेजारी बसलेल्या माणसानं काय करावं?

रक्त का द्यायचंय ते विचारा. पूर्वी रक्त घेताना काही त्रास झाला असेल, बाळंतपणं झाली असतील, रक्तपेढीनं एखादं प्रतिपिंडाचं कार्ड दिलं असेल तर आधी सांगा. नाव विचारायला विसरले तर तुम्ही आठवण करा, त्यात उद्धटपणा काही नाही. पहिली १५ मिनिटं फोन बाजूला ठेवा आणि चेहऱ्याकडे बघा. रुग्णाला बोलता येत नसेल तर श्वास, अंगावरचे चट्टे, लघवीच्या पिशवीतला रंग यांकडे लक्ष ठेवा. त्रास लगेच झाला नाही तरी पुढच्या दोन आठवड्यांत कावीळ दिसली, ताप आला, हिमोग्लोबिन पुन्हा घसरलं, तर रक्त चढवल्याचं डॉक्टरांना नक्की सांगा. काही पहारेकरी उशिरा जागे होतात.

सहा महिन्यांनी वडिलांना पुन्हा रक्त लागलं. या वेळी वॉर्ड वेगळा, सिस्टर नव्या. पिशवी आत येताना दिसली तसा वडिलांनी चादरीतून हात बाहेर काढला, पट्ट्यावरची अक्षरं वर येतील असा वळवला आणि कुणी विचारायच्या आत पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगितली. सिस्टर हसल्या, पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "थांबा काका, या मॅडम येऊ देत. मग पुन्हा एकदा सांगा."

वडिलांनी पुन्हा सांगितलं.